विश्लेषण : एक कंपनी, एक पक्ष आणि गारठलेली घरे... ट्रान्सनिस्ट्रियात ‘ओब्नोव्लेनिये’ची पकड कशामुळे?

घरातील सर्वांनी एकाच खोलीत राहावे, खिडक्यांना जाड पडदे किंवा ब्लँकेटे लावावीत, विजेचे हीटर जपून वापरावेत... २०२५चे नवे वर्ष उजाडले, तेव्हा पूर्व युरोपातील ट्रान्सनिस्ट्रिया या चिमुकल्या प्रदेशातील नागरिकांच्या हाती या सूचना पडल्या. रशियाकडून येणारा गॅस १ जानेवारीला थांबला, त्याबरोबर घरांतील उष्णता आणि गरम पाणीही बंद झाले. पुढील काही आठवडे तेथील लोकांनी चुलीसाठी लाकडे फोडली, अंधारात रात्री काढल्या. या प्रदेशाच्या संसदेत तेव्हा ३३ पैकी २९ जागा ‘ओब्नोव्लेनिये’ या एकाच पक्षाकडे होत्या. तरीही या संकटाचा जाब पक्षाला द्यावा लागलेला नाही. असे का, हे समजून घेण्यासाठी या पक्षाचा, त्याच्यामागे उभ्या असलेल्या कंपनीचा आणि ‘फुकट’ गॅसचा हिशेब एकत्र मांडावा लागतो.

ट्रान्सनिस्ट्रिया म्हणजे नेमका कोणता प्रदेश?

रोमानिया आणि युक्रेन यांच्यामध्ये मोल्दोवा हा छोटा देश आहे. त्याच्या पूर्वेकडून द्नीस्तर नदी वाहते. ही नदी आणि युक्रेनची सीमा यांच्या मधली चिंचोळी पट्टी म्हणजे ट्रान्सनिस्ट्रिया. क्षेत्रफळ सुमारे ४,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्यापेक्षा थोडे अधिक. २०१५ च्या गणनेनुसार लोकसंख्या पावणेपाच लाख. मोल्दोव्हन, रशियन आणि युक्रेनियन असे तीन मोठे समाज येथे जवळजवळ सारख्या प्रमाणात राहतात. राजधानी तिरास्पोल.

सोव्हिएत संघ मोडकळीस आला होता, त्या काळात मोल्दोवामध्ये रोमानियन भाषेला राजभाषेचा दर्जा मिळाला. नदीपलीकडच्या रशियन भाषक, कारखानदारीवर पोसलेल्या पट्ट्यात त्यामुळे अस्वस्थता पसरली. २ सप्टेंबर १९९० रोजी तेथे स्वतंत्र प्रजासत्ताकाची घोषणा झाली. १९९२ मध्ये मोल्दोवाशी काही महिन्यांचे युद्ध झाले. शेकडो लोक मारले गेले. तेथे तैनात असलेल्या रशियाच्या १४ व्या लष्कराने फुटीरतावाद्यांच्या पारड्यात वजन टाकले आणि २१ जुलै १९९२ रोजी शस्त्रसंधी झाला. तेव्हापासून हा प्रश्न तसाच लोंबकळत आहे. ट्रान्सनिस्ट्रियाचे स्वतःचे चलन, पोलीस, संसद आणि अध्यक्ष आहेत. ध्वजावर आजही विळा-हातोडा आहे. मात्र संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्य देशाने त्याला मान्यता दिलेली नाही. दीड हजारच्या आसपास रशियन सैनिक आजही तेथे आहेत, पण रशियानेसुद्धा मान्यता दिलेली नाही.

‘ओब्नोव्लेनिये’चा उदय कसा झाला?

‘ओब्नोव्लेनिये’ या रशियन शब्दाचा अर्थ नवीकरण. २००० साली एक संघटना म्हणून सुरुवात झाली आणि २००६ मध्ये रीतसर पक्ष म्हणून नोंदणी झाली. त्या वेळी सत्ता इगोर स्मिर्नोव्ह यांच्याकडे होती. सोव्हिएत काळात कारखान्याचे संचालक असलेले स्मिर्नोव्ह १९९१ पासून अध्यक्ष होते आणि सारा कारभार त्यांच्याभोवती फिरत होता. त्यांच्या जुन्या वळणाच्या राजवटीसमोर ‘ओब्नोव्लेनिये’ने तरुण, सुधारणावादी, उद्योगांना मोकळीक मागणारा गट अशी प्रतिमा उभी केली. येवगेनी शेव्हचुक हा त्याचा चेहरा होता.

डिसेंबर २००५ च्या निवडणुकीत या गटाने ४३ पैकी २३ जागा जिंकल्या आणि शेव्हचुक संसदेचे अध्यक्ष झाले. अध्यक्ष एका बाजूचे आणि संसद दुसऱ्या बाजूची, असे चित्र त्या छोट्या प्रदेशात प्रथमच दिसले. बाहेरच्या अनेक निरीक्षकांना ही लोकशाहीची चाहूल वाटली. पण ही लढत मतदारांच्या दोन विचारांमधली नव्हती. एकीकडे जुनी प्रशासकीय सत्ता आणि दुसरीकडे त्याच सत्तेच्या सावलीत वाढलेला पैसा, असा तो सामना होता. त्या पैशाचे नाव होते ‘शेरीफ’.

‘शेरीफ’ आणि पक्ष यांचे नाते काय?

फुटबॉलप्रेमींना हे नाव परिचित असेल. सप्टेंबर २०२१ मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये शेरीफ तिरास्पोल या संघाने रेआल माद्रिदला त्यांच्याच मैदानावर २-१ असे हरवले होते. तो संघ ज्या कंपनीचा, तीच ही शेरीफ. १९९३ मध्ये व्हिक्टर गुशान आणि इल्या काझमाली या सुरक्षा यंत्रणांतील दोन माजी अधिकाऱ्यांनी ती स्थापन केली. चिन्हात आजही अमेरिकी शेरीफचा पाच टोकांचा तारा आहे.

नव्वदच्या दशकात मान्यता नसलेल्या या प्रदेशात आयात-निर्यातीचा धंदा फार फायद्याचा होता. शेरीफला सीमाशुल्कात सवलती मिळाल्या. सीमाशुल्क खात्याचे प्रमुख तेव्हा अध्यक्ष स्मिर्नोव्ह यांचेच पुत्र होते. त्यानंतर कंपनी वाढतच गेली. आज तिरास्पोलमध्ये किराणा घ्यायचा तर शेरीफचे सुपरमार्केट, गाडीत इंधन भरायचे तर शेरीफचा पंप, मोबाइल आणि इंटरनेट हवे तर शेरीफशी जोडलेली इंटरद्नेस्त्रकॉम ही कंपनी. बँक, दूरचित्रवाहिनी, कापडगिरणी, फुटबॉलचे भव्य मैदान, सारे याच समूहाचे. १८९७ मध्ये सुरू झालेला ‘क्विंत’ हा ब्रँडीचा कारखानाही याच समूहाकडे आहे आणि त्याचे चित्र तेथील पाच रूबलच्या नोटेवर आहे. प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेचा अर्ध्याहून अधिक भाग या एका समूहाच्या हाती असल्याचे अंदाज वारंवार मांडले जातात.

पक्ष आणि कंपनी कागदावर वेगवेगळे आहेत. प्रत्यक्षात समूहातील अधिकारी, व्यवस्थापक आणि समूहाशी व्यवहार असलेले उद्योजक ‘ओब्नोव्लेनिये’चे लोकप्रतिनिधी होत आले आहेत. म्हणजे नोकरी देणारा, माल विकणारा, बातम्या दाखवणारा आणि कायदे करणारा यांच्यात फारसे अंतर उरलेले नाही. कर किती असावा, आयातीवर शुल्क किती, परकीय चलन कोणाला आधी मिळावे, हे संसद ठरवते आणि त्या निर्णयांचा सर्वांत मोठा लाभार्थी संसदेच्या जवळच असतो.

मग या पक्षाला कधी धक्का बसला का?

बसला, आणि तोही जुन्या नेत्याकडूनच. २००९ मध्ये शेव्हचुक यांनी संसदेचे अध्यक्षपद सोडले आणि ते पक्षापासून दूर झाले. त्यांची जागा अनातोली कामिन्स्की यांनी घेतली. २०११ च्या अध्यक्षीय निवडणुकीत कामिन्स्की यांना रशियातील सत्ताधारी ‘युनायटेड रशिया’ पक्षाचा पाठिंबा होता. वीस वर्षे सत्तेत असलेले स्मिर्नोव्ह पहिल्याच फेरीत तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. पण दुसऱ्या फेरीत बाजी मारली ती अपक्ष शेव्हचुक यांनी, सुमारे ७४ टक्के मते मिळवून. मतदारांनी जुन्या अध्यक्षांना नाकारले, त्याच वेळी कंपनीच्या उमेदवारालाही नाकारले.

ट्रान्सनिस्ट्रियातील मतदार ठरवले तर धक्का देऊ शकतो, हे त्या निवडणुकीने दाखवले. मात्र पुढची पाच वर्षे अध्यक्ष आणि शेरीफ यांच्यातील संघर्षात गेली. युक्रेनमधील २०१४ च्या घडामोडी, रशियन रूबलची घसरण आणि निर्यातीतील मंदी यांमुळे तिजोरी आटली. २०१५ मध्ये सरकारी वेतन आणि निवृत्तिवेतनाचा ३० टक्के भाग रोखून ठेवण्याची वेळ आली. त्याच वर्षअखेर ‘ओब्नोव्लेनिये’ने संसदेत मोठे बहुमत मिळवले. २०१६ मध्ये पक्षाचा पाठिंबा असलेले वादिम क्रास्नोसेल्स्की ६२ टक्के मतांनी अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी शेव्हचुक यांनी ट्रान्सनिस्ट्रिया सोडले. २०१८ मध्ये तेथील न्यायालयाने त्यांना गैरहजेरीत १६ वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. शेरीफला आव्हान देण्याची किंमत काय असते, हे सर्वांच्या लक्षात आले.

निवडणुका होतात, मग विरोधक का दिसत नाहीत?

२०२० मध्ये संसदेच्या जागा ४३ वरून ३३ करण्यात आल्या आणि त्यांतील २९ ‘ओब्नोव्लेनिये’ने जिंकल्या. अनेक मतदारसंघांत एकच उमेदवार होता. मतदान २८ टक्क्यांच्या आसपास झाले, म्हणजे चारपैकी जवळजवळ तीन मतदार घरीच बसले. २०२१ मध्ये क्रास्नोसेल्स्की पुन्हा निवडून आले, तेव्हाही मतदान ३५ टक्क्यांच्या आसपासच होते. पक्षाची पकड मतपेटीतल्या उत्साहावर उभी नाही, एवढे या आकड्यांवरून स्पष्ट होते. सगळे आधीच ठरलेले आहे असे वाटले की लोक मतदानाला जात नाहीत आणि ते गेले नाहीत की ठरलेलेच घडते.

विरोधाचा एक आवाज कम्युनिस्ट नेते ओलेग होर्जान यांचा होता. २०१५ नंतरच्या संसदेत उघडपणे सरकारविरोधी भूमिका घेणारे ते एकमेव सदस्य होते. २०१८ मध्ये त्यांना अटक झाली आणि साडेचार वर्षांची शिक्षा झाली. सुटकेनंतर काही महिन्यांतच, जुलै २०२३ मध्ये ते त्यांच्या घरात मृतावस्थेत आढळले. त्यांची हत्या झाली होती. ती कोणी केली याबद्दल निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही, पण त्यानंतर राजकारणात उतरू पाहणाऱ्या कोणाच्याही मनात काय आले असेल, याची कल्पना करता येते.

येथे आणखी एक वाट आहे, ती म्हणजे निघून जाण्याची. येथील बहुतेकांकडे मोल्दोवाचे पासपोर्ट आहेत आणि त्यावर युरोपीय संघात व्हिसाविना प्रवास करता येतो. जो तरुण वैतागतो, तो मोर्चा काढण्यापेक्षा बस पकडून बाहेर पडतो. मागे उरतात मुख्यतः सरकारी नोकर, कंपनीचे कामगार आणि रशियाकडून निवृत्तिवेतनात भर मिळणारे वृद्ध.

‘फुकट’ गॅसचे गणित काय होते?

या सगळ्या व्यवस्थेचा पाया म्हणजे रशियाचा गॅस. गाझप्रॉम ही रशियन कंपनी गॅस पाठवत असे. तिरास्पोलमधील सरकार तो घरांना आणि कारखान्यांना अत्यंत कमी दरात देत असे. ग्राहकांनी भरलेले पैसे गाझप्रॉमकडे न जाता स्थानिक तिजोरीत जात. थकबाकी मात्र मोल्दोवातील गॅस कंपनीच्या वहीत चढत राही. ती साचत साचत सात अब्ज डॉलरच्या पुढे गेली. ती वसूल होणार नाही, हे सर्वांना ठाऊक होते. प्रभाव टिकवण्यासाठी रशिया मोजत असलेली ती किंमत होती.

या गॅसवर दोन गोष्टी चालत. पहिली म्हणजे द्नेस्त्रोव्स्कचे मोठे वीजकेंद्र. त्याची मालकी रशियाच्या इंटर राओ कंपनीकडे आहे. फुकट गॅसवर तयार झालेली वीज नदीपलीकडे मोल्दोवाला विकली जाई आणि मोल्दोवाची बहुतांश गरज त्यातून भागे. दुसरी म्हणजे रिब्नित्साच्या पोलाद कारखान्यासारखे जड उद्योग. इंधन जवळपास मोफत असल्याने त्यांचा माल बाहेर स्वस्तात विकता येई. घरगुती बिले नगण्य, नोकऱ्या शाबूत आणि तिजोरीत पैसा, या तिन्ही गोष्टी एकाच नळातून येत होत्या. ‘ओब्नोव्लेनिये’ला मतदारांना वेगळे आश्वासन देण्याची गरजच नव्हती. थंडीत घर उबदार राहते, एवढे पुरेसे होते.

जानेवारीत काय बिघडले?

रशियाचा गॅस युक्रेनमार्गे येत असे. दोन्ही देशांतील वहनाचा करार ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपला आणि युद्धात असलेल्या युक्रेनने तो वाढवला नाही. तुर्कस्तान आणि बाल्कनमार्गे गॅस पाठवण्याचा दुसरा रस्ता होता. पण मोल्दोवाने ७० कोटी डॉलरची थकबाकी दिली नाही, असे कारण पुढे करून गाझप्रॉमने पुरवठाच थांबवला. मोल्दोवा ही थकबाकी मान्य करत नाही.

परिणाम तत्काळ दिसला. वीजकेंद्र साठ्यातील कोळशावर चालवावे लागले आणि रोज काही तास वीज खंडित होऊ लागली. अन्नपदार्थांचे उद्योग वगळता बाकी कारखाने थांबले. शाळांचे वर्ग बंद झाले. मोल्दोवालाही रोमानियाकडून महाग वीज घ्यावी लागली. रशियाशी निष्ठा राखणाऱ्या प्रदेशालाच रशियाने थंडीत उघड्यावर सोडले, अशी टीका किशिनाऊमधून, म्हणजे मोल्दोवाच्या राजधानीतून झाली. तिरास्पोलच्या नेत्यांनी मात्र मॉस्कोला दोष देण्याचे टाळून किशिनाऊ आणि कीव्ह यांच्याकडे बोट दाखवले.

युरोपची ६ कोटी युरोंची मदत का नाकारली?

फेब्रुवारीच्या सुरुवातीला युरोपीय संघाने २ कोटी युरो दिले. त्यातून आणीबाणीपुरता गॅस विकत घेतला गेला आणि घरे पुन्हा उबदार झाली. त्यानंतर आणखी ६ कोटी युरो देऊ केले गेले. अट अशी होती, की गॅसचे दर टप्प्याटप्प्याने वाढवावेत आणि मानवी हक्कांबाबत काही पावले उचलावीत. तिरास्पोलने ही मदत नाकारली. त्याऐवजी हंगेरीतील कंपनीने गॅस मोल्दोवाच्या सीमेपर्यंत आणायचा आणि दुबईत नोंदणी झालेल्या कंपनीने रशियाच्या कर्जातून त्याचे पैसे द्यायचे, अशी व्यवस्था झाली.

या निर्णयाचे कारण राजकीय अर्थकारणात आहे. दर वाढले तर लोकांची बिले वाढतील, कारखान्यांचा नफा आटेल आणि सत्तेचा पाया असलेले ‘स्वस्त इंधनाच्या बदल्यात शांतता’ हे गणित मोडेल. कर्जावरचा गॅस जुनी व्यवस्था थोड्या काळापुरती पुन्हा उभी करतो. पण हा गॅस पूर्वीइतका मुबलक नाही आणि तो कधीही थांबवला जाऊ शकतो.

पक्षाचा कल नेमका कुठे, रशियाकडे की युरोपकडे?

भाषणांत रशियाकडे, व्यापारात युरोपकडे. २००६ च्या सार्वमतात ९७ टक्के मते स्वातंत्र्य आणि नंतर रशियात सामील होण्याच्या बाजूने पडल्याचे जाहीर झाले. त्याचा दाखला आजही दिला जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिरास्पोलमधील विशेष अधिवेशनाने मोल्दोवाच्या ‘आर्थिक दबावा’पासून रशियाने संरक्षण द्यावे, असा ठराव केला. पण त्यात विलीनीकरणाची मागणी नव्हती. २०१६ पासून युरोपीय संघ आणि मोल्दोवा यांचा मुक्त व्यापार करार या प्रदेशालाही लागू आहे आणि निर्यातीचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग युरोपीय संघात जातो. २०२२ मध्ये युद्ध सुरू होताच युक्रेनने आपली सीमा बंद केली. तेव्हापासून सारा माल मोल्दोवामार्गेच येतो-जातो.

म्हणूनच शेजारी युद्ध पेटले असताना तिरास्पोल त्यात उतरले नाही. याचे श्रेय ‘ओब्नोव्लेनिये’च्या सावध धोरणाला द्यावे लागेल. कंपनीला बाजारपेठ हवी आणि युद्धात बाजारपेठ जाते. सामान्य नागरिकांनाही त्याचा लाभ झाला. पण ही सावधगिरी नागरिकांना विचारून आलेली नाही. उद्या कंपनीचे हित बदलले तर धोरणही बदलेल आणि तेव्हाही त्यांना कोणी विचारणार नाही.

पुढे काय?

२०२० च्या अखेरीस निवडून आलेल्या संसदेची पाच वर्षांची मुदत २०२५ च्या अखेरपर्यंत होती, तर क्रास्नोसेल्स्की यांचा कार्यकाळ २०२६ च्या अखेरपर्यंतचा. सक्षम विरोधक नसल्याने निवडणुकीत ‘ओब्नोव्लेनिये’ला धोका दिसत नाही. धोका आहे तो हिशेबाच्या वहीत. मोल्दोवाने जानेवारी २०२४ पासून तिरास्पोलच्या कंपन्यांनाही सीमाशुल्क लावले आहे, त्यामुळे जुनी सवलत संपली. रोमानियाशी थेट वीजवाहिनीमुळे द्नेस्त्रोव्स्कच्या विजेवरील मोल्दोवाचे अवलंबन घटते. ऑक्टोबर २०२४ च्या सार्वमतात मोल्दोवाने अवघ्या ५०.३५ टक्क्यांनी का होईना, युरोपीय संघाच्या दिशेने कौल दिला आहे.

मोल्दोवापुढचा पेचही सोपा नाही. फुकट गॅसवर जगलेल्या साडेचार लाख लोकांना सामावून घ्यायचे तर त्यांची बिले, पगार आणि निवृत्तिवेतन कोण देणार, याचे उत्तर किशिनाऊकडेही तयार नाही. एकत्रीकरण झालेच तर शेरीफ समूहाचे काय करायचे, हाही प्रश्न आहे. तो मोडला तर हजारो नोकऱ्या जातील आणि तसाच ठेवला तर तीच ताकद मोल्दोवाच्या राजकारणात उतरेल.

जानेवारीच्या थंडीत तिरास्पोलच्या रहिवाशांपुढे साधा प्रश्न होता, तक्रार कोणाकडे करायची? दुकान, वाहिनी, कारखाना आणि संसद एकाच वर्तुळात असतील तर त्या वर्तुळाबाहेर दाद मागायला दार उरत नाही. ‘ओब्नोव्लेनिये’ची खरी ताकद हीच आहे. पण ही ताकद ज्या नळावर उभी होती, तो नळ बंद करणारा हात तिरास्पोलमध्ये नाही, हेही त्या हिवाळ्याने तेथील लोकांना दाखवून दिले.